एकाच स्पीकर जोडीवर स्टिरिओ आणि सराउंड, दोन्ही कसे जोडावे?

प्रश्न (लातूर)
नमस्कार. आमच्या बैठकीत वडिलांनी घेतलेला दोन चॅनेलचा इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर आणि ८ ओहमच्या स्पीकरची जोडी आहे. त्यावर ख्यालगायनाची सीडी लावली की तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. चित्रपटांसाठी घेतलेल्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) एव्ही रिसिव्हरवर तीच सीडी मला सपाट वाटते. खोली १२ बाय १४ फुटांची असल्याने समोर दुसरी जोडी मावत नाही. दुकानदार म्हणाले, "दोन्हींच्या तारा एकत्र पिळून त्याच स्पीकरला लावा, फक्त एका वेळी एकच चालू ठेवा." असे करणे योग्य आहे का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
कृपया तसे मुळीच करू नका. एक यंत्र बंद असले तरी चालू यंत्राचा प्रवाह त्याच्या आउटपुटमध्ये उलटा शिरतो, आणि चुकून दोन्ही चालू राहिली तर निदान एक तरी जळण्याचा धोका आहे.

आधी रिसिव्हरच्या मागे 'फ्रंट प्री-आउट'च्या (समोरच्या स्पीकरचा सिग्नल दुसऱ्या अॅम्प्लिफायरला देणाऱ्या) दोन पिना आहेत का ते पाहा. त्या नसतील तर ही जोडणी होणार नाही. असल्यास तेथून आरसीए केबल अॅम्प्लिफायरच्या 'एचटी (होम थिएटर) बायपास' इनपुटमध्ये न्यावी. या इनपुटवर अॅम्प्लिफायरची आवाजाची कळ निष्क्रिय होते आणि आवाज रिसिव्हरच्या रिमोटवर चालतो. समोरचे दोन स्पीकर कायम अॅम्प्लिफायरलाच राहतील. सेंटर, मागचे स्पीकर आणि सबवूफर रिसिव्हरला. सीडी प्लेयर थेट अॅम्प्लिफायरच्या सीडी इनपुटला जोडावा, म्हणजे गाणे ऐकताना रिसिव्हर बंदच ठेवता येईल. बायपासमध्ये मात्र सीडी प्लेयर कधीही लावू नये, कारण आवाज थेट पूर्ण ताकदीने स्पीकरवर आदळेल.

उत्तर २ (परभणी)
जुन्या अॅम्प्लिफायरना बायपास सहसा नसतो. माझ्याकडेही नव्हता, म्हणून मी 'ऑक्स' हे साधे जादा इनपुट वापरले. कळ घड्याळातल्या बाराच्या जागी आणून तिथे घरातलीच एक टिकली चिकटवली, आणि त्यानंतरच रिसिव्हरचा माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून सगळ्या स्पीकरच्या आवाजाची स्वयंचलित मोजणी केली. चित्रपट लावण्यापूर्वी कळ टिकलीवर आणायची, एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा; कळ हलली की समोरच्या आणि मागच्या आवाजाचा तोल जातो.

जागेचेही पाहा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.७७५ शिफारशीत समोरचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या सरळ समोरच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर सांगितले आहेत, आणि समोरचा हा कोन स्टिरिओलाही तंतोतंत मानवतो. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर आवाज फार घुमतो, तेव्हा स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरावी.

प्रश्नकर्ता (लातूर)
आपणा दोघांचे मनापासून आभार. प्री-आउट सापडले, ऑक्सवर जोडणी झाली, टिकलीही लागली. सुरुवातीला स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत होता. सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल काढताच तो थांबला. ती परत लावायची तर काय करावे?

उत्तर ३ (नांदेड)
हा अर्थिंगच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकाहून अधिक वाटांनी अर्थिंग मिळण्याचा) दोष आहे. रिसिव्हर, अॅम्प्लिफायर आणि बॉक्स एकाच बोर्डावर घ्या आणि बॉक्सचा आवाज रिसिव्हरला ऑप्टिकल केबलने द्या. तरीही घूं राहिली, तर डिशच्या केबलचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, पण प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.