मदत हवी आहे: शुगर 'बॉर्डर'वर आणि घरात शेवेशिवाय पान हलत नाही

मंडळी, इंदूरहून लिहितेय. नवऱ्याच्या ऑफिसात तपासणी झाली. वय ४१, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, बीपी १३६/८८, कंबर ३८ इंच. सासऱ्यांना मधुमेह आहेच. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, खाणं सुधारा, चाला, तीन महिन्यांनी परत रिपोर्ट. गोळी नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांनी 'काही झालेलं नाही' असंच धरलं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवी, हे सांगून मी दमले.

गोडाचं जमतंय. रविवारच्या पोह्यांबरोबरची जिलेबी बंद, चहा बिनसाखरेचा (तोंड वाकडं करून का होईना). अडलंय मिठावर. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वर जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), उसळीवर शेव, वरणभाताशी शेव, आणि भाजी नसली की शेवेचीच भाजी! जीरावनात साधं नि काळं दोन्ही मीठ, पण ते कुणी मिठात मोजतच नाही. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: आमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. पण आमची शेव बहुतेक वेळा सुटी येते, तिचा हिशेब कसा लावायचा? सासूबाई म्हणतात, "जन्मभर खातोय, काय झालं?" समोर सासरे गोळ्यांचा डबा उघडून बसलेले. काय बोलणार!

आता मुख्य प्रश्न. कमी सोडियमचं मीठ आणणार होते. त्यात पोटॅशियम असतं. सासरे टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) घेतात, क्रिएटिनिनही वाढलेलं (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं), म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी ते मीठ साफ नको सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम वाढायची भीती. मग एकाच स्वयंपाकघरात दोन मिठं सांभाळणारं कुणी आहे का? की साधंच मीठ हळूहळू कमी करू? जिभेला सवय व्हायला किती दिवस लागतात?

दुसरं, आठवड्याला १५० मिनिटं चालायचंय. नवरा रात्री आठला घरी येतो. लोकमान्य नगरच्या बाजूला सकाळी लवकर चालणारा ग्रुप आहे का? एकटा उठणार नाही, हे पक्कं.

भर: प्रतिसाद वाचले, आभार. मेथ्या, कारल्याचा रस चालू ठेवू, पण त्यावर भिस्त ठेवून रिपोर्ट टाळणार नाही. तंबाखू नाही, जेवणानंतर सुपारी मात्र आहे. तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरला कारण ठरते, त्यामुळे तीही यादीत घेतलीय. एका ताईंनी माझं विचारलंय: हो, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझी शुगर वाढली होती, म्हणून मीही नियमित तपासते. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची बीपी-शुगर फुकट बघतात. दोन मिठांचं मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही, ते प्लीज सांगा.