शब्दचर्चा: 'स्टेल फाइल हँडल'मधल्या स्टेलला काय म्हणायचं? आणि 'ब्लॉक्ड'ला?

रात्रपाळीवाला:
मंडळी एक मदत हवीये. आमच्याकडे रात्री जी पोरं मॉनिटरिंगला बसतात त्यांच्यासाठी मी मराठीत एक चिठ्ठी लिहितोय, लिनक्स सर्व्हरवर एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या फाइली वापरायची पद्धत) आणि आयस्कझीचे (तसंच, पण अख्खी डिस्क) जे मेसेज डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) दिसतात त्यांचा अर्थ काय आणि फोन कोणाला लावायचा एवढंच. पोरं हुशार आहेत पण मेसेज डिक्शनरी लावून वाचतात. मागच्या महिन्यात 'टास्क अमुक ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' आला, पोराला वाटलं कोणीतरी ब्लॉक केलंय, त्याने फायरवॉलवाल्यांना उठवलं, ते बिचारे दीड तास नियम तपासत बसले आणि भानगड निघाली स्टोरेजकडे जाणाऱ्या स्विचच्या एका ढिल्या केबलची. तर मला शब्द हवेत. स्टेल फाइल हँडलला मी 'शिळी फाइल मूठ' लिहिलं होतं, बायको हसली.

खोडरबर:
वहिनींचं बरोबर आहे 😄 शिळी मूठ म्हणजे कालच्या डब्यातली मुठीया वाटते.

डीमेसेजकाका:
हसा, पण चूक मुठीत नाहीये, 'शिळी'त आहे. शिळं म्हटलं की आपल्या डोक्यात वेळ येते, काल केलं आणि आज उरलं. या हँडलचा वेळेशी काही संबंधच नसतो. क्लायंटने (फाइल मागणाऱ्या मशीनने) फाइल उघडली की सर्व्हर त्याला एक खूण देतो, त्यात साधारणपणे कुठली फाइलसिस्टम, कितवा आयनोड (डिस्कवरचा फाइलचा नोंद क्रमांक) आणि त्या आयनोडची कितवी पिढी एवढं असतं, क्लायंट ती खूण उघडून बघत नाही, नुसती जपून ठेवतो आणि दरवेळी तीच दाखवतो. सर्व्हरवर कोणी ती फाइल उडवली, किंवा एक्स्पोर्ट केलेली (इतरांना वापरायला दिलेली) डिस्कच बदलून बॅकअपमधून नवीन चढवली, की खूण दाखवल्यावर सर्व्हर म्हणतो या नंबरचं माझ्याकडे काही नाही. खूण दोन वर्षं जुनी असली तरी चालते आणि दोन सेकंदांपूर्वीची असली तरी बाद होऊ शकते. नुसता सर्व्हर रीबूट झाला तर ती बाद होत नाही, डिस्क आणि एक्स्पोर्ट तेच असेल तर क्लायंट जिथे होता तिथून पुढे चालू. म्हणून शब्द 'बाद'. बाद नोट, बाद मत, तसं बाद हँडल.

सातबारावाली:
काकांचं वाचून मला एकदम जमिनीचे जुने सर्व्हे नंबर आठवले. एकत्रीकरणानंतर गट नंबर आले आणि आजोबांच्या कागदावर जुना सर्व्हे नंबर, तो घेऊन तलाठ्याकडे गेलं की तो म्हणतो ह्या नंबराची जमीनच नाही. जमीन तिथेच असते, कागद पण खरा असतो, नंबर तेवढा गेलेला असतो. आणि ती पिढी म्हणता ना ती मला फेरफार नंबरासारखी वाटली, आयनोड नंबर तोच दुसऱ्या फाइलला मिळाला तरी पिढी जुळत नाही म्हणून जुन्या कागदावर नव्या माणसाच्या शेतात शिरता येत नाही.

डीमेसेजकाका:
वा ताई. एवढाच फरक की तलाठ्याकडे जुन्या नंबरावरून नवा शोधता तरी येतो, इथे तशी सोय नाही. प्रोग्रामने नावावरून फाइल पुन्हा उघडायची, शेल (कमांड टाइप करतो तो) त्या फोल्डरमध्ये उभा असेल तर बाहेर पडून परत आत जायचं, आणि माउंटचं (आपल्या मशीनला जोडलेल्या त्या डिस्कचं) मूळच बाद झालं असेल तर अनमाउंट करून परत माउंट. आणि मूठ काढून टाका हो, हँडल लिहा सरळ, दाराचं हँडल सगळ्यांना कळतं. जुन्या सिस्टमवर हाच मेसेज 'स्टेल एनएफएस फाइल हँडल' असा यायचा, नंतर त्यातला एनएफएस गळला, तेव्हा दोन्ही दिसले तर गोंधळायचं नाही, नंबर एकच, ११६.

रात्रपाळीवाला:
'बाद हँडल' पक्कं. आता ब्लॉक्डचं सांगा, मी 'अडवलेली प्रक्रिया' लिहिलं होतं, तिथूनच फायरवॉलची भानगड झाली.

चिंचगूळ:
ताटकळलेली.

खोडरबर:
एका शब्दात मॅच संपवली 👏

चिंचगूळ:
अहो खरंच, अडवलं म्हटलं की अडवणारा लागतो. इथे कोणी अडवत नाही, प्रोसेस स्टोरेजकडून उत्तर यायची वाट बघत दारात उभी आहे, बसता येत नाही जाता येत नाही. पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) तिच्यापुढे 'डी' दिसतो तोच ताटकळलेल्यांचा बिल्ला. आणि पोरांना हे सांगाच की लिनक्स लोड (मशीनवरच्या कामाचा भार) मोजताना ही ताटकळलेली मंडळी पण धरतो, त्यामुळे लोड ८० आणि सीपीयू मात्र निवांत असं दिसतं, मग पोरं सीपीयू वाढवून मागतात. एसटी स्टँडवर गर्दी आहे म्हणजे गाड्या धावतायत असं नाही ना, गाडी आलीच नाहीये म्हणून गर्दी आहे.

डीमेसेजकाका:
त्याच मेसेजची शेवटची ओळ सगळ्यात घातकी. अमुक फाइलमध्ये 'इको ० केल्यास डिसेबल्स धिस मेसेज' असं कर्नल स्वतःच सांगतो. आमच्याकडे एका पठ्ठ्याने ते केलं आणि सकाळी हँडओव्हरमध्ये लिहिलं, इश्यू फिक्स्ड. अरे बाबा तो म्हणतोय हा मेसेज बंद होईल, दुखणं बंद होईल असं कुठे म्हटलंय. आणखी एक, हे मेसेज डिफॉल्टला १० वेळाच येतात, मग कर्नल गप्प होतो. गप्प झाला म्हणजे बरं झालं असं नाही, बोंबलून घसा बसला.

कीबोर्डकुळकर्णी:
मी लहान असताना (म्हणजे नोकरीत) सिनिअर सांगायचे की 'डी'मधली प्रोसेस किल नऊनेही (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) मरत नाही, रीबूटच. ते आता अर्धंच खरं आहे, २.६.२५ कर्नलपासून म्हणजे २००८ पासून एनएफएसची वाट बघणारी प्रोसेस किल नऊने मरते. तेव्हा चिठ्ठीत 'रीबूट करा' लिहू नका प्लीज.

रात्रपाळीवाला:
लिहिलं होतं 🙈 खोडतो. पुढचा, 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग'.

सातबारावाली:
सर्व्हर दाद देत नाही, तगादा चालू आहे.

डीमेसेजकाका:
तगादा फार चपखल. अरबी-फारसीतून आलेला वसुलीचा शब्द, आणि इथे वसुलीच चाललीये. एनएफएस माउंट दोन प्रकारचे, हार्ड आणि सॉफ्ट. हार्डवाला दारात धरणं धरून बसतो, सर्व्हर उठेपर्यंत हलत नाही. सॉफ्टवाला ठरलेल्या वेळा हाका मारतो आणि मग प्रोग्रामला सांगतो की जमलं नाही. मेसेजच्या शेपटीवरूनच प्रकार कळतो, 'स्टिल ट्राइंग' आलं तर हार्ड, 'टाइम्ड आउट' आलं तर सॉफ्ट. आता गंमत बघा, सॉफ्ट शब्दाला लोक 'सौम्य' समजतात म्हणजे सुरक्षित, आणि हार्डने आपलं मशीन लटकतं म्हणून सगळीकडे सॉफ्ट टाकून ठेवतात. उलटं आहे. प्रोग्रामने ती एरर नीट बघितली नाही तर लिहिलेला डेटा गेला आणि कोणाला कळलंही नाही. म्हणून भाषांतर करायचंच तर हार्ड म्हणजे चिवट आणि सॉफ्ट म्हणजे लवकर हात टेकणारा. सौम्य अजिबात नको.
आणि टीसीपीवर (नेटवर्कवरची नेहमीची जोडणी) डिफॉल्ट टायमिओ (उत्तराची किती वाट बघायची तो आकडा) ६०० असतो, पोरं म्हणतात ६०० सेकंद. तो आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात आहे, म्हणजे ६० सेकंद. त्यावर परत हाका मारणं आलं, तेव्हा मेसेज दिसला त्या क्षणी सर्व्हर गेलाय असं नाही, तो आधीच काही मिनिटं गेलेला असतो. केबल कधी निघाली ते शोधताना मेसेजच्या वेळेच्या थोडं मागे जाऊन बघायचं.

खोडरबर:
आणि नंतर 'सर्व्हर ओके' येतो, म्हणजे सर्व्हर परत बोलायला लागला, तो कोणी वाचत नाही. तो आला असेल तर फोन करू नका हे पण लिहा, पहाटे चारला उठवतात.

रात्रपाळीवाला:
आयस्कझीकडे येतो. 'डिटेक्टेड कनेक्शन एरर १०२०', कधी १०२२.

कीबोर्डकुळकर्णी:
१०२० म्हणजे समोरच्याने फोन ठेवला, टीसीपी कनेक्शन बंद केलं. १०२२ म्हणजे फोन चालू आहे पण समोरचा हं पण म्हणत नाही, पिंगला ('आहेस का' या हाकेला) उत्तर नाही. पहिल्यात आधी स्टोरेजवाल्याला विचारा की तुमच्या बाजूने काही रीस्टार्ट झालं का, दुसऱ्यात नेटवर्क पण बघा.

चिंचगूळ:
त्या १०२२च्या जोडीला जो लांबडा मेसेज येतो, 'लास्ट आरएक्स' (शेवटचं काही मिळालं ती वेळ) आणि पुढे दहा आकडे, तो पोरांना समजावून सांगा. आमच्याकडे एकाने ती तारीख समजून कन्व्हर्टरमध्ये टाकली आणि सन २१०६ आलं, म्हणाला सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय.

कीबोर्डकुळकर्णी:
हाहा. ती जिफी आहेत. इंग्रजीत जिफी म्हणजे क्षणभर, आपलं निमिष म्हणा, पण कर्नलमध्ये ते पक्कं माप आहे, सेकंदाला किती टिक ठेवलेत त्यावर. १००० असतील तर एक जिफी एक मिलिसेकंद, २५० असतील तर चार. आणि मोजणी शून्यापासून सुरू होत नाही, मुद्दाम अशी लावलीये की बूटनंतर पाच मिनिटांनी ३२ बिटांचा आकडा भरून परत शून्यावर येतो, म्हणजे त्यातली चूक लगेच उघडी पडावी, महिनाभराने नको. म्हणून ६४ बिटी मशीनवर तो आकडा ४२९ वगैरेने सुरू होताना दिसतो. पोरांनी आकडा वाचूच नये, दोन आकड्यांमधलं अंतर बघावं. १००० टिकच्या मशीनवर अंतर ५००० दिसलं की पाच सेकंद.

डीमेसेजकाका:
आणि 'सेशन रिकव्हरी टाइम्ड आउट आफ्टर १२० सेकंड्स' हा वाचताना लोक म्हणतात १२० सेकंद कनेक्शन गेलं होतं. नाही, कर्नल म्हणतोय की मी १२० सेकंद वाट बघितली, आता थांबत नाही. त्याच्या आधी सगळे ताटकळत होते, त्याच्यानंतर प्रोग्रामांना एरर द्यायला सुरुवात, मग ईएक्सटी४ (डिस्कवरची फाइलसिस्टम) स्वतःला फक्त वाचण्यापुरतं करून घेतं. सगळ्यात आधी फोन करायचा मेसेज हाच.

सातबारावाली:
एक राहिलं, टार्गेटला 'लक्ष्य' नका लिहू, बाण मारल्यासारखं वाटतं. टार्गेट म्हणजे डिस्क देणारा आणि इनिशिएटर म्हणजे मागणारा, बरोबर ना?

डीमेसेजकाका:
बरोबर, स्कझीत (डिस्कशी बोलायची भाषा, आयस्कझी तीच नेटवर्कवरून) हुकूम सोडणारा तो इनिशिएटर. पण 'देणारा-मागणारा' लिहिलं तर लॉगमध्ये शोधताना पोरांना शब्द सापडणार नाही.

रात्रपाळीवाला:
मग टार्गेट, इनिशिएटर तसंच ठेवतो आणि शेजारी देणारा, मागणारा. ताटकळलेली, तगादा आणि बाद हँडल चिठ्ठीत गेले, रीबूट खोडला. आज रात्री प्रिंट लावतो, 'सेशन रिकव्हरी'वाल्या ओळीखाली लाल रेघ.

खोडरबर:
'सर्व्हर ओके'वालं विसरू नका.