काठवट आणि लाकडी चॉपिंग बोर्डला कोणते तेल लावावे?

जोंधळा:
आमच्याकडे सासूबाईंच्या वेळची बाभळीची काठवट भाकरीचे पीठ मळायला रोज वापरात आहे. तिच्या दोन्ही टोकांना बारीक भेगा पडल्या असून त्यांत पीठ अडकते. शिवाय वर्षानुवर्षे शेंगदाणा तेल पुसल्यामुळे तिच्यावर चिकट, खवट वासाचा थर बसला आहे. हा थर कसा काढावा, पुढे कोणते तेल लावावे आणि नव्या चॉपिंग बोर्डलाही तेच चालेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंधा:
ताई, भेगा टोकांनाच पडतात याचे कारण असे, की तेथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, त्यामुळे ती बाजू पाणी भराभर पिते आणि तितक्याच भराभर सुकते, तर मधला भाग मागे राहतो आणि या ओढाताणीत लाकूड उकलते. म्हणून काठवट पाण्यात भिजत ठेवू नये आणि उन्हातही वाळवू नये. धुऊन लगेच पुसावी आणि वारा दोन्ही बाजूंनी लागेल अशी उभी ठेवावी.

चिकट थरासाठी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्या पुरेसा आहे. खाण्याचा सोडा बहुतेक जण सुचवतील, पण बाभळीत टॅनिन (लाकडातील तुरट द्रव्य) भरपूर असल्याने सोड्याने ती काळपट पडते. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर तंतूंच्या दिशेने फिरवावा.

तेलाचे म्हणाल, तर शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल ही तेले लाकडात पूर्ण सुकून घट्ट होत नाहीत. तशीच राहून खवट होतात. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन खवट होत नाही. चार भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाश्यांचे मेण, भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवावे. हे मिश्रण टोकांना सढळ हाताने आणि बाकी ठिकाणी बेताने चोळून रात्रभर मुरू द्यावे व सकाळी उरलेले पुसून टाकावे. बोर्डलाही हेच चालते. महिन्यातून एकदा लावावे असे म्हणतात, पण पाण्याचा थेंब वर न थांबता शोषला जाऊ लागला, की वेळ झाली असे मी समजतो.

माडबन:
आम्ही कोकणात लाकडी भांड्यांना खोबरेल लावतो आणि त्याला कधी वास आलेला नाही. जवसाच्या तेलाबद्दल आपले मत काय?

रंधा:
खोबरेलात संपृक्त स्निग्धांश जास्त असल्याने ते फार उशिरा खवटते, त्यामुळे आपला अनुभव योग्यच आहे; मात्र तेही घट्ट होत नाही, धुण्यात निघून जाते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनने खरोखर घट्ट होते. ते घाण्याचे, कच्चे घ्यावे आणि अगदी पातळ हात देऊन कित्येक दिवस वाळू द्यावे. रंगाच्या दुकानातील ‘डबल बॉइल्ड’ तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते स्वयंपाकघरात नको. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवावे.

जोंधळा:
मनःपूर्वक आभार. भेगांमध्ये फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरावा का?

रंधा:
नको. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कडक भरणी सुटून तिचे कण पिठात येतील. केसाएवढ्या भेगेत नुसते मेण दाबून भरावे. पाणी आरपार झिरपत असेल, तर मळण्यासाठी दुसरी काठवट घ्यावी आणि हिच्यात कांदे-लसूण ठेवावेत.