विषय: मेंदूच्या पेशी वाढवणारं इंजेक्शन – आईला द्यावं का?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलच्या चर्चेत हे हरवू नये म्हणून वेगळा विषय काढतोय. सध्या मी वेंगुर्ल्याला आहे. आईला अल्झायमर आहे. गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलंय, डोनेपेझिल (आठवणीसाठीची गोळी) चालू आहे. रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसली की अजूनही हात चुकत नाही, सोलांना रसाचं पुट कधी द्यायचं ते आपणहून सांगते. पण जेवून हात धुतला की लगेच विचारते, ‘जेवाण खंय?’

चुलतभावाला व्हॉट्सॲपवर एक मेसेज आलाय: मेंदूत नव्या पेशी उगवणाऱ्या प्रोटीनच्या इंजेक्शनांचा कोर्स. खर्चाची तयारी आहे. कुणाला यातलं ठाऊक आहे का?

– वेंगुर्ल्याहून

———

अरे,

बांबोळीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कोर्स सुरू करू नकोस. वर्णनावरून ते सेरेब्रोलायसिन वाटतंय, डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून केलेलं. भारतात मिळतं, इथे अमेरिकेत एफडीएची मान्यता नाही, आणि त्याने अल्झायमर मागे फिरतो असं कुणी दाखवलेलं नाही.

मूळ कल्पना मात्र थोतांड नाही. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल अशाच वाढ-घटकांसाठी, म्हणजे पेशी वाढवणाऱ्या प्रोटीनांसाठी मिळालं. त्यातलं एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर) मेंदूच्या तळाकडच्या ज्या पेशींना जगवतं, त्या अल्झायमरमध्ये लवकर झिजतात. आईचं डोनेपेझिल त्याच पेशींचं निरोप पोचवणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, जरा जास्त वेळ टिकवतं. मग द्यावं की टोचून! पण घोडं तिथेच अडतं. दंडात टोचलेलं एवढं मोठं प्रोटीन रक्तातून मेंदूत शिरत नाही. नव्वदच्या दशकात स्वीडनमध्ये नळीने थेट मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिलं, तर रुग्णांची पाठ दुखायला लागली, वजन उतरलं. मग सॅन डिएगोचे मार्क टझिन्स्की ते प्रोटीन बनवणारं जीनच मेंदूत पोचवायच्या मागे लागले. ४९ रुग्णांवरची चाचणी २०१८ मध्ये छापून आली, फायदा काही दिसला नाही. पुढे वारलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा कळलं की प्रोटीन हव्या त्या पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं. पंप रात्रभर चालू आणि माडाचं आळं कोरडं! म्हणजे एनजीएफ नापास झालं असंही धड म्हणता येत नाही, याचीच मला चुटपुट आहे.

त्याचाच भाऊबंद बीडीएनएफ, मेंदूतलं असंच दुसरं वाढ-प्रोटीन. प्राण्यांमध्ये निकाल चांगले आले, आणि २०२१ मध्ये त्याच्या जीनची माणसांवरची छोटी चाचणी जाहीर झाली. या वेळी एमआरआयवर बघत बघत योग्य जागी सोडायचं. औषधाच्या दुकानात यातलं काही नाही.

चालण्याचं मात्र खरं आहे. २०११ च्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना वर्षभर चालवलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) सुमारे २ टक्के वाढला. ज्यांचा जास्त वाढला त्यांच्या रक्तात बीडीएनएफही जास्त वाढलेलं. पण त्यांच्यात डिमेन्शियाचं कुणी नव्हतं, तेव्हा आईकडून तशी आशा धरू नकोस. तरी चालव तिला. आणि बी-१२, थायरॉईड तपासलंय का?

– ताई

———

ताई,

भावाला तुझा मेल वाचून दाखवला. त्याला पटला, आणि लगेच त्याने पुढचा फॉरवर्ड काढला, खोबरेल तेलाचा. त्याला काय सांगू ते तूच सांग.

सागरेश्वरच्या वाळूत आईचे पाय रुततात, ती कुरकुरते, म्हणून बंदराच्या रस्त्याने नेतो. वाटेत भेटेल त्याला नावानिशी हाक मारते, निम्मी नावं त्यांच्या बापांची. थायरॉईड नॉर्मल आहे. बी-१२ चा रिपोर्ट सोमवारी येईल, आला की इथेच टाकतो.