मदत हवी आहे : फाशीची शिक्षा नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या आमच्या गावातील वाचनालयात येत्या रविवारी या विषयावर चर्चा ठेवली असून प्रास्ताविक माझ्याकडे आहे. मी आजवर फाशीला विरोधच करत आलो. मात्र गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतील एक मावशी, ज्यांच्या मुलाचा खून झाला, कापूस वेचून परतताना ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्याला जेलात दोन वेळा जेवण मिळतं, मी मात्र पोराचं ताट अजून मांडते." तेव्हापासून माझी टिपणे मलाच अपुरी वाटतात.

दुसरी बाजूही तितकीच जड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बचनसिंग खटल्यात फाशी 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणांपुरती मर्यादित केली. तरीही नाशिकच्या एका खटल्यात २००९ मध्ये ज्या सहा जणांना याच न्यायालयाने फाशी सुनावली, त्यांनाच २०१९ मध्ये निर्दोष सोडले. भटक्या जमातीतील ही गरीब माणसे तोवर सुमारे १६ वर्षे तुरुंगात होती. दरम्यान फाशी झाली असती, तर चूक कोणी आणि कशी दुरुस्त केली असती? विधी आयोगानेही २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती.

माझा प्रश्न असा : चुकीची शक्यता क्षणभर बाजूला ठेवली, गुन्हा निःसंशय सिद्ध आहे असे धरले, तरी राज्यसंस्थेला जीव घेण्याचा नैतिक अधिकार उरतो का? आणि मरेपर्यंत जन्मठेप हा त्या मावशींना न्याय वाटेल, असे कोणत्या शब्दांत मांडावे? वकील, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक किंवा अशा दुःखातून गेलेली कुटुंबे यांनी शुक्रवारपर्यंत सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.