थिअरी बदलायची म्हणजे नेमकी किती?

धागाकर्ता: मार्क्सचं एक अक्षर हलवू न देणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा, आणि १८७२ च्या प्रस्तावनेत मार्क्स-एंगल्सच लिहितात की यातला कार्यक्रम काही ठिकाणी जुना झालाय, कारण मधे पॅरिस कम्यून (१८७१ मधलं पॅरिसच्या कामगारांचं अल्पकाळ टिकलेलं राज्य) होऊन गेलं आणि कळलं की तयार सरकारी यंत्रणा नुसती ताब्यात घेऊन कामगारांचं काम भागत नाही. बापानेच दुरुस्ती केली तर पोरं पोथी कवटाळून का बसलीत?

लालशाई: अर्धीच प्रस्तावना वाचली राव. त्यातच आहे की मूळ तत्त्वं एकंदरीत आजही बरोबर आहेत. ‘परिस्थिती बदलली’ हे जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा बर्नस्टाइन पण १८९९ मधे म्हणत होता, भांडवलशाही सावरतेय, क्रांतीचं सोडा, सुधारणा करत राहू. त्याच पक्षातल्या क्रांतीवाल्या रोझा लक्झेंबर्गने सोलून काढला त्याला. आणि १९१४ च्या ऑगस्टमधे त्याच पक्षाच्या खासदारांनी युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. झालं अपडेट!

धागाकर्ता: मग एंगल्सचं काय? १८९५ मधे त्यानेच लिहिलं ना की रस्त्यात बॅरिकेड रचून लढायचे दिवस गेले, रेल्वेने फौज पटकन येते, बंदुका सुधारल्या, नवे रस्ते रुंद झाले. हा पण सुधारणावादी का?

लालशाई: हे दरवेळी येतंच :) पक्षाच्या पेपरने त्यातले सोयीचे तुकडे छापले, त्यावर तो भडकला होता की मला कायद्याचा शांत पुजारी करून टाकलं. डावपेच बदलला, ध्येय नाही.

काठावरचा: दोघांचंही अर्धं पटतं. मला लेनिनचं १९२१ जास्त इंटरेस्टिंग वाटतं. शेतकऱ्याकडून जबरदस्तीने धान्य उचलणं बंद, ठरलेला कर भर आणि उरलेलं बाजारात विक. पण त्याने याला ‘नवा समाजवाद’ असं गोंडस नाव नाही दिलं, सरळ माघार म्हणाला. माघारीला माघार म्हणतो तो बदलतोय, जो तिला विजय म्हणतो तो फसवतोय, एवढा फरक मला पुरतो.

लालशाई: आणि त्याच वेळी क्रोनश्टाटच्या नौदल तळावर बंड केलेले खलाशी चिरडले, तेही लिहा की.

काठावरचा: मान्य, सुटलं ते माझ्याकडून.

धागाकर्ता: अजून एक. १८८१ मधे रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचने मार्क्सला विचारलं, रशियातल्या गावकीच्या सामायिक जमिनी समाजवादाच्या आधी मोडायलाच हव्यात का? मार्क्सने मसुद्यांवर मसुदे पाडले, खोडले, शेवटी पाठवलं ते छोटंसं पत्र. म्हणाला, ‘कॅपिटल’मधली ती अपरिहार्यता पश्चिम युरोपपुरती.

लालशाई: हं. यावर आज रात्री वाचून बोलतो.