भोरजवळ तीस गुंठे घेतले, आधी काय करू?

राहते कोथरूडला. सातबारा नावावर झाला. नवरा म्हणतो बोअर, सासूबाई म्हणतात आंबे. मला चहापुरता ओटा नि सावली हवी. पैसे एकाच कामापुरते.

— ताई, आधी सरकारी मोजणी. मी त्याआधीच तारकुंपण घातलं नि शेजाऱ्याच्या हद्दीत दीड हात शिरलो. सगळे खांब उपटून परत रोवले. मजुरी दुप्पट, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

— बोअरची घाई नको. एक पावसाळा नुसतं छत्री घेऊन फिरा. पाणी कुठे साचतं, माती कुठून वाहते, दिसेल. आंब्याचे खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्या.

— मोजणीचा अर्ज करते. पण केशरची दोन कलमं बाल्कनीत येऊन बसलीत!

— मोठ्या कुंडीत हलवा, तगतील.